न दिसलेले वऱ्हाडी

गेल्या वर्षी दसरा झाला आणि आमच्या गॅलरीतल्या तुळशीने मान टाकली. "लग्न तोंडावर आलं आणि नवरीच आजारी!" आई हवालदिल झाली. कुंडी उकरून पाहतो, तो मुळाशी अर्धचंद्रासारखी वाकलेली पांढरी हुमणी! विषारी औषध घालावे, तर आईच्या तीर्थात आणि माझ्या चहात याच तुळशीची पाने.

शेतकी शिकलेला भाचा धावून आला. त्याने आणली सूत्रकृमींची भुकटी. जात 'हेटेरोऱ्हॅब्डायटिस इंडिका', शास्त्रज्ञांनी १९९२ साली नोंदलेली, मूळची आपल्या कोइमतूरची. डोळ्यांना न दिसणारे हे जीव अळीच्या अंगात शिरतात आणि आपल्या पोटातले जिवाणू तिथे सोडतात. दोनतीन दिवसांत अळी खलास! माणसाला, गांडुळाला अपाय नाही. मात्र त्यांना ऊन सोसत नाही. म्हणून आम्ही ती भुकटी पाण्यात कालवून संध्याकाळी ओल्या मातीत घातली आणि पुढे ओल राखली.

आठवड्याने उकरले, तर अळ्या विटकरी होऊन मेलेल्या. कार्तिकात तुळशीला चार कोवळी पाने फुटली.

मंगलाष्टके संपल्यावर आईने थोड्या अक्षता कुंडीतल्या मातीवरही टाकल्या. म्हणाली, "वऱ्हाडी दिसले नाहीत रे, पण कार्य त्यांनीच पार पाडलं!"