बॅटरीचा कारखाना बिडकीनला. खान्देशच्या पोरांना काय मिळणार?

जळगाव/धुळे : छत्रपती संभाजीनगरजवळच्या बिडकीनमध्ये एथर कंपनीचा इलेक्ट्रिक स्कूटर आणि बॅटरी पॅकचा कारखाना जून २०२४ मध्ये जाहीर झाला. गुंतवणूक दोन हजार कोटींची, नोकऱ्या सुमारे ४ हजार. पुढच्याच महिन्यात टोयोटा किर्लोस्करने याच जिल्ह्यासाठी २० हजार कोटींचा करार केला. असे आकडे आले की व्हॉट्सॲपवर ‘भरती सुरू’चे मेसेज फिरायला वेळ लागत नाही. पण जाहीर होतो तो आकडा कारखाना पूर्ण क्षमतेने चालल्यावरचा असतो. पहिल्या दिवशी तेवढी माणसं कोणी घेत नाही.

शिवाय काम कसलं, हेही बघायला हवं. बॅटरीतले लिथियमचे सेल आजही बहुतेक परदेशातून येतात. इथे ते जोडायचे, वेल्डिंग करायचं, सर्किट बसवायचं आणि पॅक तपासायचा. त्यातलं बरंच काम मशीन करते. म्हणून नुसत्या बारावी किंवा बीए पासपेक्षा आयटीआयचा इलेक्ट्रिशियन, फिटर किंवा इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक झालेल्याला आधी बोलावणं येईल. डिप्लोमावाल्यालाही संधी आहे.

‘तिथे त्यांचीच पोरं घेतील’ असं पारावर ऐकू येतं. ते खरं धरून घरी बसू नये. सरकारी सवलती घेणाऱ्या उद्योगांनी ८० टक्के नोकऱ्या स्थानिकांना द्याव्यात, असं राज्याचं धोरण आहे आणि त्यात स्थानिक म्हणजे महाराष्ट्राचा रहिवासी. अमळनेर, शिरपूरचा पोरगाही त्यात बसतो. डोमिसाईल मात्र काढून ठेवावं.

खरी अडचण खर्चाची. चाळीसगावहून कन्नड घाट उतरून-चढून रोज जाणं-येणं जमणारं नाही. खोली घ्यावीच लागेल. तेव्हा पगार विचारताना तीन गोष्टी विचारा : कंपनीच्या नावावर की ठेकेदाराच्या, पीएफ कापणार का, आणि ॲप्रेंटिस म्हणून घेतलं तर पुढे काय? ॲप्रेंटिसला नंतर कायम करण्याचं बंधन कायद्याने कंपनीवर नाही. भरतीसाठी आधी पैसे मागणाऱ्याला तर दारातूनच परत पाठवा.

मग असा कारखाना आपल्याकडे का नाही? दिल्ली-मुंबई कॉरिडॉरच्या आराखड्यात धुळे-नरडाण्याचं नाव आहे. नरडाण्याला मुंबई-आग्रा महामार्ग आणि सुरत-भुसावळ रेल्वे दोन्ही आहेत. सप्टेंबर २०२४ मध्ये मनमाड-इंदूर रेल्वेमार्गालाही केंद्राची मंजुरी मिळाली. फरक एवढाच की बिडकीनला उद्योजक आला तेव्हा जागा, रस्ते, पाणी, वीज दाखवता आली. नरडाण्यात यातलं काय, किती एकरांवर आणि कधी तयार होणार, हे पुढच्या सभेत आमदार-खासदारांना विचारायला हरकत नाही.