सीझनच्या शेवटच्या आठवड्यात कोच बदलावा का?



आज विषय जरा वेगळा आहे. बास्केटबॉल. घाबरू नका, नियम माहीत नसले तरी चालेल. मलाही काही वर्षांपूर्वी फारसं कळत नव्हतं. मुलगा सकाळी उठून मोबाइलवर अमेरिकेतले सामने लावतो, त्याच्या शेजारी चहा घेता घेता मलाही नाद लागला. आणि 2025 च्या एप्रिलमध्ये डेन्व्हर नगेट्स या टीमचं जे झालं, ते बघून मला माझी एक जुनी चूक आठवली. तीही सांगतो, पण आधी डेन्व्हरचं.

थोडी पार्श्वभूमी. एनबीए ही अमेरिकेतली बास्केटबॉलची सगळ्यात मोठी लीग. प्रत्येक टीम ऑक्टोबर ते एप्रिल 82 सामने खेळते. पूर्वेकडच्या 15 टीम वेगळ्या, पश्चिमेकडच्या 15 वेगळ्या. पहिले सहा नंबर थेट प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेरीत. सातव्या ते दहाव्या नंबरला आधी प्ले-इन नावाची चाळणी. बाकीचे घरी. त्यामुळे सहावा की सातवा, हा फरक आपल्याकडे दिवाळीआधी माल दुकानात पोचला की दिवाळीनंतर पोचला, तेवढा मोठा.

तर 8 एप्रिल, मंगळवार. नियमित हंगाम संपायला पाच दिवस, डेन्व्हरचे तीन सामने शिल्लक. टीम 47 जिंकलेली, 32 हरलेली. पण शेवटचे चार सामने सलग हरलेले. आणि त्या दिवशी मालकांनी कोच मायकेल मलोन यांना काढलं. हे कोच म्हणजे कुणी नवखे नव्हेत. 2015 पासून तिथे होते. 2023 मध्ये याच माणसाने डेन्व्हरला पहिलंवहिलं विजेतेपद मिळवून दिलं, त्या टीमच्या इतिहासात सगळ्यात जास्त सामने जिंकलेला कोच. त्याच दिवशी जनरल मॅनेजर कॅल्विन बूथ यांनाही सांगितलं गेलं की तुमचा करार आम्ही वाढवणार नाही. एका दिवसात दोन्ही खुर्च्या रिकाम्या!

पुढे काय झालं? मलोन यांचे सहायक डेव्हिड एडलमन यांना तात्पुरतं बसवलं. उरलेले तिन्ही सामने टीम जिंकली, 50 विजय झाले, चौथा नंबर मिळाला. पहिल्या फेरीत लॉस एंजेलिस क्लिपर्सला सात सामन्यांत हरवलं.

आता ही गोष्ट व्यवसायाच्या क्लासमध्ये कशी सांगितली जाईल, मला माहितीये. "बघा, मालकाने धाडस केलं! कठोर निर्णय घेतला, म्हणून टीम वाचली!" टाळ्या.

मला हे पटत नाही. माझ्या मते हे धाडस नव्हतं, उशीर होता. मालकाला तीन सामने राहिले असताना हे करावं लागलं, कारण त्याने ते आधी केलं नव्हतं.

भांडण काय होतं ते बघा. 2023 च्या विजेतेपदानंतर टीममधले जाणते खेळाडू एकेक करून गेले. ब्रूस ब्राउन गेला, जेफ ग्रीन गेला, पुढच्या वर्षी केंटेव्हियस कॉल्डवेल-पोपही गेला. दुसरीकडे जास्त पैसे मिळत होते आणि लीगचे पगाराचे नियम कडक झाले होते. बूथ यांचं म्हणणं, ठीक आहे, आपण कमी पगाराची तरुण पोरं घेतलीत, त्यांना तयार करू. मलोन यांचं म्हणणं, मला आज सामना जिंकायचाय, मला अनुभवी माणूस द्या. एक जण पोरं आणतोय, दुसरा त्यांना खेळवत नाहीये. दोघांमधला हा ताण तिकडच्या पत्रकारांना माहीत होता, खेळाडूंना माहीत होता, साहजिकच मालकांनाही माहीत होता. 2024 च्या प्लेऑफमध्ये मिनेसोटाविरुद्ध सातव्या सामन्यात, तेही घरच्या मैदानावर, 20 गुणांची आघाडी घेऊन हे हरले. तिथे तरी दोघांना समोरासमोर बसवून सोक्षमोक्ष लावायला हवा होता. नाही लावला. टीम जिंकत होती ना, मग चाललंय ते चालू दे.

गंमत म्हणजे दोघंही अर्धे बरोबर होते. बूथ यांनी निवडलेला ख्रिश्चन ब्रॉन त्या हंगामात पक्का खेळाडू झाला. आणि मलोन यांना वाटायचं तसं, राखीव खेळाडू मैदानात आले की टीम लंगडायची, हेही खरंच होतं.

या सगळ्यात एक माणूस गाडा ओढत होता. निकोला योकिच, सर्बियाचा. त्या हंगामात त्याची सरासरी गुण, रिबाउंड आणि असिस्ट या तिन्हींत दहाच्या वर होती. एनबीएच्या इतिहासात पूर्ण हंगाम असा खेळणारा तो फक्त तिसरा. 1 एप्रिलला मिनेसोटाविरुद्ध तो 53 मिनिटं खेळला, 61 गुण केले. तरी टीम हरली, दोन जादा वेळांनंतर 140-139. शेवटच्या काही सेकंदांत रसेल वेस्टब्रूकने सोपा बास्केट चुकवला आणि परत येऊन समोरच्याला फाउल केला. तिथून घसरण सुरू झाली. दुसऱ्याच दिवशी योकिचशिवाय सॅन अँटोनियोकडून हरले, मग गोल्डन स्टेटकडून, मग इंडियानाकडून.

तुमच्या युनिटमध्ये असा एखादा योकिच असतोच. सगळं येणारा, सुट्टी न घेणारा. तो आहे म्हणून वरच्या दोघांचं भांडण गिऱ्हाइकाला दिसत नाही. आणि गिऱ्हाइकाला दिसत नाही म्हणून मालक म्हणतो, सगळं ठीक आहे.

आता त्या तीन विजयांबद्दल. ते कोच बदलल्यामुळे मिळाले का? थोडं असेल. पण हरलेल्या चारही सामन्यांत दुखापतीमुळे नसलेला जमाल मरे 11 तारखेच्या सामन्याला परत आला. शेवटचा सामना ह्यूस्टनशी होता, त्यांचा दुसरा नंबर आधीच पक्का होता, त्यांना त्या सामन्यातून काहीच मिळवायचं नव्हतं. म्हणून म्हणतो, तीन सामन्यांवरून निष्कर्ष काढू नका. तुम्ही नवीन सेल्समन ठेवला आणि त्याच आठवड्यात लग्नसराई सुरू झाली, तर वाढलेला गल्ला कुणाच्या नावावर टाकणार?

हेच औषध आणखी एका दुकानात दिलं गेलं, त्याची चर्चा कुणी करत नाही. मेम्फिस ग्रिझलीजने 28 मार्चला, नऊ सामने बाकी असताना, टेलर जेनकिन्स या कोचना काढलं. राहिलेल्या नऊपैकी चार जिंकले, पाच हरले. आठवा नंबर आला, प्ले-इनची चाळणी कशीबशी पार केली आणि पहिल्या फेरीत ओक्लाहोमा सिटीकडून 4-0 असे साफ झाले. त्यातला पहिला सामना 51 गुणांनी हरले. निर्णय तोच, हंगामही तोच. मेम्फिसच्या मालकाला कुणी धाडसी म्हणत नाही.

तरी डेन्व्हरने एक गोष्ट बरोबर केली, आणि ती मला खरंच आवडली. दोघांनाही काढलं. फक्त कोचला काढलं असतं तर मॅनेजर जिंकला असं झालं असतं, आणि टीममधल्या निम्म्या लोकांनी तोंड पाडलं असतं. योकिचलाही विचारलं नाही, फक्त कळवलं. त्याने नंतर पत्रकारांना सांगितलं की ती चर्चा नव्हती, निर्णय होता, आपण ऐकून घेतलं आणि मान्य केलं. हेही बरोबर. आपल्या सगळ्यात चांगल्या कारागिराला "तू सांग, यातला कुणाला ठेवू?" असं विचारणं म्हणजे मालकाने आपलं ओझं त्याच्या डोक्यावर ठेवणं.

आता माझी चूक.

काही वर्षांपूर्वी दोन मित्र माझ्याकडे आले. फरसाणाचं युनिट, भागीदारीत. एक भट्टी सांभाळायचा, दुसरा दुकानदारांकडच्या ऑर्डरी आणि वसुली. भट्टीवाल्याचा जीव त्याच्या जुन्या आचाऱ्यावर, तोच शेव-चकलीचा सगळा हिशेब डोक्यात ठेवून होता. ऑर्डरवाल्याचं म्हणणं, हा माणूस उद्या गेला तर आपण काय करणार, दोन पोरं हाताशी देऊ, शिकू दे. आचारी पोरांना कढईजवळ येऊ देईना. भट्टीवाला त्याची बाजू घेई. दोघं माझ्यासमोर बसले होते, सप्टेंबर महिना होता. दोघंही सांगत होते, सर, तुम्ही काहीतरी ठरवून द्या.

मी काय म्हणालो? "दिवाळीचा सीझन निघू दे. आता वाद नको. नंतर निवांत बसू."

शहाणपणाचं वाटतं ना ऐकायला? मलाही वाटलं होतं. धनत्रयोदशीच्या आदल्या आठवड्यात पॅकिंगवरून दोघांची सगळ्यांसमोर तू-तू मैं-मैं झाली, आचारी दुसऱ्या दिवसापासून यायचा बंद झाला. पोरांना चकलीचं पीठ मळता येत नव्हतं. अर्ध्या ऑर्डरी बाहेरून माल आणून पुऱ्या केल्या, तोटा खाऊन. फेब्रुवारीत भागीदारी मोडली. आज दोघं एकमेकांच्या घरच्या लग्नाला जात नाहीत. मी त्यांना सप्टेंबरमध्ये दोन तास बसवलं असतं तर कदाचित तेव्हाच मोडली असती, पण मैत्री राहिली असती असं मला वाटतं. आणि आचाऱ्याची रीत निदान वहीत उतरली असती.

म्हणून कुणी मला आता विचारतं की सीझन तोंडावर आहे, भागीदाराशी आत्ता बोलू की नंतर, तर मी उलट विचारतो, तुमच्या पोरांना हे भांडण माहीत आहे का? भट्टीवरच्या, पॅकिंगच्या, डिलिव्हरीच्या? माहीत असेल तर आज संध्याकाळीच बसा. कारण मग ते दोघांचं राहिलेलं नाही, मालातच उतरलंय. माहीत नसेल तर आठ दिवस थांबलात तरी चालेल, पण तारीख ठरवून थांबा. "नंतर" ही तारीख नाही.

आणि काढायचं झालंच तर जागेवर घरातलाच माणूस तयार असला पाहिजे. एडलमन 2017 पासून तिथेच सहायक होते. प्रत्येक खेळाडूचा स्वभाव त्यांना ठाऊक होता. पाच दिवसांत बाहेरून आणलेल्या माणसाला खेळाडूंची नावं पाठ झाली असती एवढंच.

त्या तीन विजयांचा फायदा मात्र खरा झाला, तो नाकारत नाही. डेन्व्हर आणि क्लिपर्स दोघांचेही 50 विजय होते, पण चौथा नंबर डेन्व्हरचा, म्हणून सातवा सामना त्यांच्या घरी झाला आणि ते 120-101 असे जिंकले. त्यातले दोन हरले असते तर 48 वर अडकले असते, आणि 48 विजयवाल्या गोल्डन स्टेट आणि मेम्फिस या दोघांनाही प्ले-इन खेळावं लागलं. पुढच्या फेरीत ओक्लाहोमा सिटीला, जे शेवटी विजेते झाले, त्यांनाही डेन्व्हरने सातव्या सामन्यापर्यंत नेलं. तिथे 125-93 असा निकाल लागला. एरन गॉर्डन मांडीचा स्नायू दुखावलेला असताना खेळत होता, बाकावर भरवशाची माणसं कमी होती. दोन वर्षं ज्यावरून वाद चालला होता तीच जागा रिकामी होती, आणि ती पाच दिवसांत भरून निघणारी नव्हती.

मे महिन्यात एडलमन यांना कायम केलं. नंतर बूथ यांच्या जागी डेन्व्हरने एक नाही, दोन माणसं आणली, बेन टेन्झर आणि जॉनथन वॉलेस. आता कोच धरून वर तिघं झाले. कुणाचा शब्द कुठे शेवटचा, हे या वेळी त्यांनी लिहून ठेवलंय की नाही, ते मी पुढच्या हंगामात सकाळच्या चहाबरोबर बघणार आहे.