पिल्लाच्या किमतीपलीकडे

चतुर्थीला गावच्या घरी जाताना सदनिकेतल्या कुत्र्याचे काय करायचे, हा प्रश्न गोव्यातील अनेक कुटुंबांना दरवर्षी पडतो. पिल्लू आणताना मात्र तो कोणालाच सुचत नाही. तेव्हा हिशेब होतो तो किमतीचा, फार तर दूधभाताचा. वस्तुतः किंमत एकदाच मोजावी लागते. कुत्रा दहा-बारा वर्षे जगतो.

रेबीजची लस राज्यातील मोहिमेत हजारो कुत्र्यांना विनामूल्य टोचली गेली आणि २०२१ साली गोवा रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून घोषित झाला. हे श्रेय मोठेच. परंतु इतर लसी, जंतांचे औषध हा खर्च पदरचाच. त्यात आपली दमट हवा! गोचिडी माजतात आणि गोचीडताप आला की रक्ततपासणी व सुमारे महिनाभराचे औषध चुकत नाही. बर्फाळ मुलुखातला हस्की येथे पाळणाऱ्याने तर विजेचे बिलही याच खात्यात मांडावे. (ही हौस आम्हांला आजवर उमगलेली नाही.) पुढे म्हातारपणी दात जातात, सांधे धरतात, दवाखान्याच्या फेऱ्या वाढतात त्या नेमक्या तेव्हाच.

हा भार न झेपलेले लोक मग रात्री मासळीबाजाराजवळ कुत्रा सोडून येतात. घरात वाढलेल्या त्या जिवाला उकिरड्यावर पोट भरता येत नाही. ज्यांना कुत्रा हवाच आहे, त्यांनी वाड्यावरचे गावठी पिल्लू आणावे, पहिल्या महिन्यापासून त्याच्या नावाने थोडी रक्कम बाजूला टाकावी आणि चतुर्थीत त्याला कोण सांभाळणार, हे शेजाऱ्यांना आधीच विचारून ठेवावे.