काजळी पकडणारं पोळं

मुलांनो, काळा धूर सोडत ट्रक पुढून गेला, की आपण नाक दाबतो, हो ना? त्या धुरातली काजळी इतकी बारीक, की नाकात न अडकता थेट फुप्फुसात शिरते.

अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात लॉस एंजेलिस आणि लाँग बीच ही मोठी बंदरं शेजारी-शेजारी आहेत. माल भरलेले ट्रक तिथून सारखे ये-जा करतात, आणि त्या रस्त्यांलगत वस्त्याही आहेत. १९९८ साली राज्याच्या हवा मंडळाने ही काजळी विषारी ठरवली. २००८ मध्ये नियम आला. जुन्या ट्रकना टप्प्याटप्प्याने काजळीची गाळणी बसवायची, आणि १ जानेवारी २०२३ पर्यंत जवळजवळ सर्व जड ट्रकना २०१० किंवा त्यानंतरचं इंजिन हवं.

ही गाळणी मोठी गमतीची, बरं का! दिसते मधमाश्यांच्या पोळ्यासारखी. प्रत्येक नळीचं एक तोंड बंद. मग धूर जाणार कुठून? भिंतीच्या सूक्ष्म छिद्रांतून, शेजारच्या नळीत. काजळी मात्र मागेच राहते. ती साठली, की खूप तापवून जाळून टाकतात, नाहीतर गाळणीच तुंबायची.

पण ज्याचं पोट एकाच जुन्या ट्रकवर, त्याने काय करावं? राज्याने काहींना अनुदान दिलं, मुदतीही वाढवल्या. तरी कित्येकांना ते जडच गेलं. त्यांची कुरकुर मला समजते. पण खोकणाऱ्या मुलांनी तरी किती थांबायचं?

तिथे आणखी एक नियम आहे. शाळेच्या बसने शाळेपाशी थांबताच इंजिन बंद करायचं. तुमच्या बसचे काका काय करतात? उद्या बघा हं!