धाकटा दांडा



गेल्या पंधरवड्यात एकाच पाकिटातून मला दोन पत्रे आली. एक पित्याचे, दुसरे पुत्राचे. दोघे एकाच छपराखाली राहतात. परंतु या एका विषयावर त्यांचे बोलणे खुंटले आहे, म्हणून दोघांनी आपापली बाजू लिहून निवाड्यासाठी माझ्याकडे धाडली. घरात मोटारगाडी घ्यावयाची हे निश्चित झाले आहे. मुलाला चारही चाकांना जोर देणारी, आणि शिवाय ‘लो रेंज’ असलेली गाडी हवी आहे. पिता लिहितो, “फादर, त्या एका दांड्यापायी कांद्याच्या दोन हंगामांचा पैसा जाईल. तो दांडा कोणत्या कामाचा, एवढेच आम्हांस समजावून सांगा.”

प्रश्न रास्त आहे. मी यंत्रशास्त्राचा पंडित नव्हे. परंतु डोंगराळ धर्मग्रामांत काही वर्षे जुनी जीप हाकीत काढली असल्याने या धाकट्या दांड्याशी माझा परिचय आहे.

ज्यांच्या घरी ट्रॅक्टर आहे त्यांस हा विषय नवा वाटू नये. ट्रॅक्टरला नेहमीच्या गिअरच्या दांड्याखेरीज हाय-लोचा आणखी एक दांडा असतो. रोटाव्हेटर चालवावयाचा असला की आपण तो ‘लो’मध्ये टाकतो; इंजिन तितक्याच वेगाने फिरते, पण चाके सावकाश फिरतात आणि जोर वाढतो. मोटारगाडीतील लो रेंज म्हणजे हेच. नेहमीच्या गिअरपेटीच्या मागे ट्रान्स्फर केस नावाची दुसरी पेटी असते. ती इंजिनाची शक्ती पुढच्या व मागच्या चाकांत वाटून देते, आणि लोमध्ये टाकली असता वेग आणखी उतरवते. महिंद्राच्या थारमध्ये ही उतरण सुमारे अडीच पट आहे, मारुतीच्या जिम्नीत सुमारे दोन पट. समजा, पहिल्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटरला पाय न लावता गाडी ताशी 7 किलोमीटर सरकत असेल, तर थारच्या लोमध्ये ती तीनच्याही खाली येईल. म्हणजे माणसाच्या चालीहूनही हळू. चाकांवरचा जोर मात्र जवळजवळ अडीचपट होईल.

ही योजना जुनी आहे. महायुद्धाच्या काळात, 1941 पासून अमेरिकेत बनू लागलेल्या विलीज जीपमध्ये ती होती. तिच्याच वंशातील जीपची जुळणी महिंद्रा कंपनीने 1940 च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत आरंभिली, आणि पुढे कित्येक वर्षे तहसीलदारापासून मिशनच्या फादरपर्यंत सर्वांनी तीच गाडी वापरली. त्या काळी ती हौसेची वस्तू नव्हती, रस्तेच नव्हते.

आता मी तुम्हांस थोडे दूर, इंदूरला नेतो. ही पत्रे आली त्याच सुमारास एका कार्यानिमित्त मी तेथे गेलो होतो आणि एका मराठी कुटुंबाकडे उतरलो होतो. होळकरांच्या वेळेपासून त्या नगरात आपली माणसे पुष्कळ आहेत. यजमानांचे घर बडा गणपतीजवळ. हे तेथील प्रसिद्ध देवालय. आतील मूर्ती सुमारे 25 फूट उंच आहे, म्हणूनच ‘बडा’. परंतु इंदूरकर ते नाव चौकालाही लावतात, आणि रिक्षावाल्यास तेवढे सांगितले की पुरते. मल्हारगंजच्या बाजूने येणारी माणसे, हातगाड्या, रिक्षा आणि मोटारसायकली तेथे अशा मिसळतात की पायी जाणाराच प्रथम पोहोचतो.

अशा ठिकाणी यजमानांच्या दारात तीन वर्षांची, चारही चाकांवर चालणारी गाडी उभी होती. मी सहज विचारले, “लो कधी टाकता का?” ते हसले. म्हणाले, “फादर, घेतली त्या दिवशी दुकानदाराने टाकून दाखवला, तेवढाच.” मी टाकून पाहू लागलो, तो दांडा हलेना. न वापरल्याने तो इतका जड झाला होता की अखेर कारागिराकडे न्यावा लागला. अशी यंत्रणा अधूनमधून, मऊ जमिनीवर, थोडे अंतर तरी चालवून ठेवावी लागते. बंद खोलीच्या कुलपासारखीच तिची गत.

दुसऱ्या दिवशी त्याच गाडीतून आम्ही महूमार्गे जाम दरवाजापर्यंत गेलो. अहिल्याबाईंच्या काळातील ही वास्तू विंध्याच्या कडेवर उभी आहे. तिच्याखाली माळव्याचे पठार एकाएकी संपते आणि घाट निमाडात उतरतो. यजमानांना वाटले, आता तरी लोचा उपयोग दिसेल. मी नको म्हटले. घाट तीव्र आहे, पण डांबरी आहे. तेथे नेहमीचा दुसरा गिअर, प्रसंगी पहिला, पुरेसा होतो. उलट, या जातीच्या बहुतेक गाड्यांत चारही चाके जोडली की पुढचा आणि मागचा आस एकमेकांस जखडले जातात. कोरड्या डांबरी वळणावर पुढच्या चाकांना जास्त अंतर कापावयाचे असते, मागच्यांना कमी; ती मुभा उरत नाही, आणि टायर घासतात, पेटीवर ताण येतो. डांबरी घाटासाठी म्हणून कोणी लो विकू लागला तर त्याचे ऐकू नये.

मग तो लागतो कोठे? घाटाखालच्या एका पाणंदीवर त्याचे उत्तर मिळाले. ओढ्याच्या पात्रात उतरणारी सुटी दगडी वाट होती. मी लोमध्ये पहिला गिअर टाकला, पाय क्लचवरून काढला, ब्रेकवरूनही काढला. गाडी एकेक दगड चाचपत, म्हातारे माणूस पायऱ्या उतरावे तशी उतरली. इंजिनच तिला धरून होते. ब्रेकवर उतरलो असतो तर सुट्या दगडांवर चाके जखडून गाडी घसरण्याचा संभव होता. चढण्यापेक्षा उतरण्यात लोचा लाभ मोठा आहे असे माझे मत आहे, आणि जाहिरातींत नेमके चढणेच दाखवतात.

पण त्याची मर्यादाही त्याच दिवशी दिसली. पुढे काळ्या मातीचा ओला पट्टा होता. आपल्याकडची काळी माती काय करते हे वाचकांस मी सांगावयास नको. टायरच्या खाचा भरल्या, चाक गुळगुळीत झाले, आणि लोमध्ये पहिला गिअर असल्याने जोर इतका होता की चाके जागच्या जागी फिरून खड्डा करू लागली. दुसरा गिअर टाकून हलक्या पायाने निघालो, तेव्हा सुटलो. लो जोर देतो, पकड देत नाही. पकड टायर देतो. वाळूतही असेच, तेथे पुष्कळदा चारही चाके हायमध्ये ठेवून, थोडी गती राखून जाणे बरे. आणि कर्णरेषेतील दोन चाके अधांतरी झाली तर सगळा जोर त्या रिकाम्या चाकांतच वाया जातो. त्यासाठी डिफरन्शियलला कुलूप लागते, जसे फोर्सच्या गुरखा गाडीत पुढे-मागे दोन्हीकडे असते.

परतताना यजमानांनी पीथमपूरची दिशा दाखवली. तेथे नॅट्रॅक्स नावाचे मोटारगाड्यांच्या परीक्षणाचे केंद्र आहे; त्याचा 11.3 किलोमीटरचा वेगवान गोल मार्ग 2021 साली खुला झाला. गंमत अशी की त्याच आवारात गाड्यांना चढणीवरही तपासले जाते. यजमान म्हणाले, “वर्तमानपत्रात नाव मात्र वेगाच्या मार्गाचेच येते.”

मुलाच्या पत्रात एक मुद्दा होता, त्याचेही उत्तर देतो. लोशिवाय भागतच नाही असे नाही. 2014 साली आपल्याकडे आलेल्या चार चाकी जोराच्या डस्टरला लो रेंज नव्हता. पहिला गिअरच मुद्दाम आखूड ठेवला होता, आणि अनेकांचे त्यावर उत्तम भागले. विजेच्या मोटारीला तर उभ्या जागेपासूनच पूर्ण जोर मिळतो. 2025 साली आलेल्या टाटा हॅरियर ईव्हीच्या दोन मोटारींच्या प्रकाराला म्हणूनच वेगळी लो पेटी नाही. दुसऱ्या बाजूस, थारच्याच रूपातील केवळ मागच्या चाकांवर चालणारी गाडी जानेवारी 2023 मध्ये 9.99 लाखांपासून निघाली, आणि चारही चाकांची तिच्याहून काही लाखांनी महाग होती. त्यात इंजिनाचाही फरक होता हे खरे. पण दिसावयास दोघी सारख्याच. शेजाऱ्याला दाखवण्यापुरते असेल, तर स्वस्त गाडीही तितकीच दिसते.

येथवर वाचून पित्यास वाटेल की निकाल आपल्या बाजूने लागला. बडा गणपतीच्या चौकात राहणाऱ्या माणसासाठी तसा तो लागलाच आहे. परंतु या कुटुंबाची वस्ती मी पाहिली आहे. डांबरी सडक संपल्यावर मैलभर पाणंद, मग ओढा, आणि ओढ्याच्या दोन्ही अंगांना मुरमाड, धुपलेला उतार. दोन पावसाळ्यांपूर्वी घरची सून अडली तेव्हा तिला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गोधडीवर निजवून रात्री सडकेपर्यंत नेले होते. ट्रॅक्टरला लो होता. तो निर्विघ्न उतरला. पण ट्रॉलीला स्प्रिंग नव्हती. पित्याच्या पत्रात या रात्रीचा उल्लेख नाही. मुलाच्याही नाही. पत्राच्या कडेला, पेन्सिलीने, त्या घरच्या आईने मात्र एक ओळ लिहिली आहे: “ओढा विसरू नका.”

मी त्या घरास कळवले आहे की सर्वांत वरच्या दर्जाची गाडी मुळीच घेऊ नये. मोठा पडदा, छतातील काच, चकाकणारी चाके यांवर पैसा घालू नये. साधीच, पण लो असलेली पाहावी. जुनी, नीट तपासलेली मिळाली तरी चालेल. टायर चांगले असावेत. आणि वाचलेल्या पैशातून ओढ्याच्या उतारावर चार ट्रॉल्या दगड-मुरूम टाकून घ्यावा.

मात्र त्याआधी एक काम उरले आहे. येत्या रविवारी मिस्सा आटोपल्यावर मी तेथे जाणार आहे. बरोबर दहा फुटांचा बांबू आणि गवंड्याची पाण्याची नळी असेल. बांबू आडवा, समपातळीत धरला असता टोकाखाली जमीन किती फूट उतरते ते पित्यानेच मोजावे. फूटभर उतरली तर त्याचे म्हणणे खरे. दोन फुटांहून अधिक उतरली तर मुलाचे. नळीचे दुसरे टोक आईने धरावे असे मी सुचवले आहे.