पंधरा वर्षांची गाडी आणि एका वर्षाचा हिशेब

“अगं, पंधरा वर्षं झाली ना तुमच्या गाडीला? मग पासिंग संपलं असेल की!” ऑगस्टमध्ये कोल्हापूरच्या मामाने फोनवर विचारलं. त्याचं बरोबरच होतं. भारतात खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे आरटीओत तपासणी करून पाच-पाच वर्षांनी वाढवायची. इथे इंग्लंडमध्ये गाडीला वयाची अट नाही. पण ती तीन वर्षांची झाली की दरवर्षी परीक्षेला बसते. तिचं नाव एमओटी. ज्या ‘मिनिस्ट्री ऑफ ट्रान्सपोर्ट’वरून ते पडलं, ते खातं आता त्या नावाने उरलेलं नाही, पण परीक्षा १९६० पासून चालू आहे. सुरुवातीला ती फक्त दहा वर्षांवरच्या गाड्यांना होती, १९६७ पासून तीन वर्षांवरच्या सगळ्यांना झाली.

तर आमची २०१० सालची छोटी पेट्रोल गाडी यंदा या परीक्षेत नापास झाली. गेल्या दिवाळीत याच सदरात घरातल्या बॉयलरच्या बिलाबद्दल लिहिलं होतं, तेव्हा बऱ्याच जणींनी फोन करून “आता गाडीवर लिही” असं सुचवलं होतं. गाडीने विषय आपणहून हातात दिला!

नापासाची कारणं तीन. मागचा ब्रेक पाइप गंजलेला, मागची एक स्प्रिंग तुटलेली, आणि डाव्या बाजूच्या दारांखालची लांब पट्टी, जिला इथे सिल म्हणतात, ती एका जागी गंजून भोक पडलेली. शिवाय पुढचे दोन टायर झिजत आलेत, असा शेरा. गंज हा आमच्या लीड्सकडचा जुना पाहुणा. हिवाळ्यात बर्फ धरू नये म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात आणि ते पाण्याबरोबर गाडीच्या पोटाखाली जाऊन बसतं. वरून धुतलेली, चकचकीत गाडी खालून कशी आहे, हे लिफ्टवर चढवल्याशिवाय कळत नाही.

आमचा मेकॅनिक मूळचा मीरपूरकडचा. त्याच्याशी बोलणं हिंदी-उर्दूत चालतं. त्याने मला खाली उभं करून टॉर्च मारला, हातोडीने सगळीकडे हलकेच ठोकून दाखवलं आणि म्हणाला, “बाजी, इंजन अभी जवान है. बुढ़ापा नीचे से आया है.” मग बिल सांगितलं: ब्रेक पाइप १६० पाउंड, मागच्या दोन्ही स्प्रिंग १८०, वेल्डिंग २६०, दोन टायर १३०. एकूण ७३०.

आता प्रश्न गाडीपुरता उरला नाही. डिसेंबरमध्ये सांगलीला माझ्या आजीचं सहस्रचंद्रदर्शन आहे. आमच्या धाकटीला तिच्या पणजीने अजून फक्त फोनच्या पडद्यावर पाहिलंय. चौघांच्या तिकिटांसाठी वर्षभर बाजूला टाकलेले ३००० पाउंड बँकेत होते. घरात पगार एकच. दुसरी गाडी घ्यायची तर पहिला हात त्याच पैशांवर पडणार होता. आणि गाडीच नको म्हणावं, तर शनिवारी मी मुलांना मराठी शिकवायला जाते तो वर्ग दोन बस बदलून गाठावा लागतो, आणि लीड्समधला जानेवारीतला पाऊस लहान मुलांना घेऊन बसथांब्यावर उभं राहण्यासारखा नसतो.

अशा वेळी सगळे एकच सूत्र सांगतात: दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीच्या निम्म्यावर गेला की गाडी काढून टाका. आमची गाडी परीक्षा पास होऊन विकायला ठेवली तर फार तर १२०० पाउंड येतील, म्हणजे सूत्राप्रमाणे तिला निरोपच. पण मला हे सूत्र पटत नाही, कारण मी गाडी विकायला निघालेलेच नाही. बाजार तिला काय देईल यापेक्षा, पुढचं एक वर्ष या गाडीत फिरायला काय पडेल आणि दुसरीत फिरायला काय पडेल, हा खरा हिशेब. तो मी वहीत दोन रकाने आखून मांडला. बाई शाळेत नसली तरी रकाने सुटत नाहीत.

पहिला रकाना आमच्या गाडीचा. दुरुस्ती ७३०, आणि वर्षभरात आणखी काही निघेल म्हणून धरलेले ५००. एकूण १२३०. तिची किंमत आता उतरून उतरून किती उतरणार?

दुसरा रकाना पाच वर्षं जुन्या, ९००० पाउंडांच्या गाडीचा. ३००० रोख, ६००० कर्ज. माझ्या अंदाजाने पहिल्या वर्षात किंमत हजाराने उतरेल, व्याज ४८० च्या आसपास, विमा १५० ने जास्त. रोड टॅक्सही वेगळा. एप्रिल २०१७ च्या आधी नोंदलेल्या गाड्यांना तो धुरावर ठरतो आणि आमच्या गाडीला वर्षाला ३५ पाउंड पडतात. त्यानंतरच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांना २०२५-२६ साली सरसकट १९५ होते. म्हणजे आणखी १६०. बेरीज १७९०. शिवाय तिकिटांचे पैसे संपलेले.

नवऱ्याने तिसरा रस्ता सुचवला: अडीच हजारांत दुसरी जुनी गाडी घेऊ. पण आपल्या गाडीची दुखणी आपल्याला माहीत असतात, दुसऱ्याची जुनी गाडी म्हणजे दुसऱ्याच्या घरची दुखणी अनोळखी चेहऱ्याने आपल्या दारात. तरी कुणाला घ्यायचीच असेल तर गाडीचा नंबर टाकून सरकारी संकेतस्थळावर तिच्या आधीच्या एमओटी परीक्षांचे निकाल फुकट वाचता येतात. ते प्रगतिपुस्तक नीट वाचा. एकच शेरा वर्षानुवर्षं पुन्हा येत असेल, तर तो विषय कच्चा आहे असं समजा. आमच्या गाडीच्या प्रगतिपुस्तकात ब्रेक पाइपच्या गंजाचा शेरा सलग दोन वर्षं होता, त्यामुळे यंदा त्याचे पैसे वेगळे काढलेलेच होते.

पण नुसती बेरीज करून निर्णय घेतला नाही. बिलातल्या रकमा दोन जातींच्या असतात. टायर, ब्रेक, स्प्रिंग, बॅटरी हे चपलांसारखे. नव्या गाडीलाही झिजतात, बदलले की पुढची काही वर्षं प्रश्न मिटतो. बॉडीचा गंज तसा नाही. तो गाडीचं वय आहे. परीक्षेचा नियमही तेच सांगतो: सीटबेल्ट किंवा सस्पेन्शन जिथे पक्कं केलेलं असतं, तिथून ३० सेंटिमीटरच्या आतला पत्रा गंजून कमकुवत झाला की गाडी नापास. तिथे पुट्टी लावून रंग मारून भागत नाही, नवा पत्रा सलग वेल्ड करावा लागतो. म्हणून मेकॅनिकला मी एकच प्रश्न विचारला: भोक या एका जागी आहे की सगळीकडे? त्याने उजवी बाजू, मागचा भाग, पुढची फ्रेम पुन्हा ठोकून दाखवली. आवाज भरीव होता. एकाच जागी ठिगळ. तेव्हा मी हो म्हटलं.

दोन्ही बाजूंना भोकं असती, किंवा गिअरबॉक्स बोलायला लागला असता, तर तिकिटं सोडून मी दुसरी गाडी शोधली असती. मागच्या सीटवर मुलं बसतात, तिथे भावनेला जागा नाही. नव्या गाड्यांत आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा असते, आमच्या गाडीत नाही, हे वजनही दुसऱ्या पारड्यात होतंच.

माझ्यासारख्या तिढ्यात असलेल्यांसाठी चार गोष्टी. एमओटीची मुदत संपायच्या जवळजवळ महिनाभर आधी परीक्षा दिली तरी पुढच्या वर्षीची तारीख तीच राहते, म्हणून लवकर जा, विचाराला वेळ मिळतो. बऱ्याच शहरांत नगरपालिकेची चाचणी केंद्रं आहेत. ती फक्त तपासतात, दुरुस्ती करत नाहीत, त्यामुळे त्यांच्या निकालामागे बिलाचा स्वार्थ नसतो. लंडनमधल्यांना युलेझची धास्ती असते, पण २००६ नंतरच्या पेट्रोल गाड्या साधारणपणे त्यात बसतात, डिझेलची मात्र सप्टेंबर २०१५ नंतरची लागते. आणि गाडी मोडीत काढायचीच ठरली तर परवाना असलेल्या केंद्रातच द्या आणि गाडी नष्ट केल्याचा दाखला मागून घ्या. भंगाराचे पैसे रोख देणं इथे कायद्याने बंद आहे, त्यामुळे कुणी नोटा पुढे केल्या तर तिथूनच मागे फिरा. रोड टॅक्सचे उरलेले पूर्ण महिने परत मिळतात.

गाडी पास झाली आणि त्याच आठवड्यात मुंबईची चार तिकिटं काढली. पुढच्या ऑगस्टची मर्यादाही आम्ही दोघांनी आत्ताच, डोकं शांत असताना, ठरवून टाकली: टायर-ब्रेकचा खर्च करू, पण पुन्हा वेल्डिंग निघालं तर ही गाडी मोडीत. त्या दिवसासाठी जानेवारीपासून महिन्याला शंभर पाउंड वेगळे पडतील. आकडा वहीत लिहिलाय आणि खाली दोघांच्या सह्या आहेत, म्हणजे गॅरेजमध्ये उभं राहून कुणाचंच मन डगमगायला नको.