दारातून परत पाठवलेला अधिकारी



नुकताच नोकरीला लागलेला आपला एखादा मुलगा संध्याकाळी घरी येतो आणि ताटावर गप्प बसतो. आई विचारते, "काय झालं रे?" तो म्हणतो, "काही नाही." पण आईला सगळे कळते. कामाच्या ठिकाणी कुणीतरी जातीवरून टोचून बोललेले असते. "सोडून देतो ही नोकरी," हे शब्द मुलाच्या ओठांवर आलेले असतात. अशा घरांसाठी आज एका नौदल अधिकाऱ्याची जीवनकथा सांगतो. माणूस अमेरिकेतला, पण त्याचे दुःख आपल्या ओळखीचे आहे.

सॅम्युअल ग्रेव्हली यांचा जन्म ४ जून १९२२ रोजी व्हर्जिनिया राज्यातील रिचमंड शहरात एका कृष्णवर्णीय कुटुंबात झाला. वडील टपाल खात्यात नोकरीला. त्या काळी तेथे गोऱ्यांची शाळा वेगळी, काळ्यांची वेगळी. नौदलात तर १९४२ पर्यंत कृष्णवर्णीयांना भटारखान्यात आणि साहेबांच्या जेवणाच्या टेबलापाशीच काम मिळे. आपल्या महार समाजाला १८९२ नंतर लष्कराचे दरवाजे बंद झाले होते, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना ही वेदना वेगळी समजावून सांगायला नको.

१९४२ साली नौदलाने इतर कामांसाठी भरती सुरू केली. त्याच वर्षी ग्रेव्हली कॉलेज अर्धवट सोडून साधे खलाशी म्हणून भरती झाले. त्यांची हुशारी पाहून त्यांना अधिकाऱ्याच्या शिक्षणासाठी निवडण्यात आले. त्यातला शेवटचा टप्पा त्यांनी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पुरा केला. हे नाव वाचताच आपली मान ताठ होते. १९१३ ते १९१६ या काळात परमपूज्य बाबासाहेब याच विद्यापीठात शिकले. १४ डिसेंबर १९४४ रोजी ग्रेव्हली नौदलाचे अधिकारी झाले.

अधिकारी झाले म्हणून मान मिळाला का? नाही. अविवाहित अधिकाऱ्यांच्या निवासात त्यांना जागा नाकारली गेली. १९४५ साली त्यांची गस्ती नौका फ्लोरिडातील की वेस्ट बंदराला लागली. त्या बोटीवरचे बहुतेक खलाशी कृष्णवर्णीय होते, अधिकाऱ्यांत मात्र ते एकटेच. बंदरावरच्या अधिकाऱ्यांच्या क्लबात पाऊल टाकायचे नाही, असे त्यांना बजावण्यात आले. अंगावर देशाचा गणवेश, खांद्यावर अधिकाराची निशाणी, आणि दार बंद!

१९४६ साली त्यांनी सक्रिय सेवा सोडली. गावी परतून अल्मा क्लार्क या शिक्षिकेशी लग्न केले. अर्धवट राहिलेले शिक्षण पुन्हा हाती घेतले आणि १९४८ साली पदवी मिळवली. पोटासाठी रेल्वेच्या टपाल सेवेत कारकुनी केली. आपल्याकडे आर.एम.एस.मध्ये काम केलेले पुष्कळ समाजबांधव आहेत. ते काम किती कष्टाचे, हे त्यांना विचारावे.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. ग्रेव्हली एकट्याच्या हुशारीवर पुढे गेले असते, तर कथा इथेच संपली असती. बंद दार उघडले ते चळवळीने. ए. फिलिप रँडॉल्फ हे रेल्वेच्या शयनडब्यांत काम करणाऱ्या कृष्णवर्णीय पोर्टरांच्या युनियनचे पुढारी. सैन्यात भेदभाव चालू राहिला तर आमचे तरुण सक्तीच्या भरतीला नकार देतील, असा इशारा त्यांनी सरकारला दिला. २६ जुलै १९४८ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी सैन्यदलांत समान वागणुकीचा आदेश काढला. आणि १९४९ साली नौदलाने ग्रेव्हलींना पुन्हा बोलावले.

त्यानंतर त्यांनी मागे पाहिले नाही. कोरियाच्या युद्धात त्यांनी मोठ्या युद्धनौकांवर काम केले. १९६२ साली 'फॉल्गाऊट' या लढाऊ जहाजाची कमान त्यांच्या हाती आली. १९७१ साली ते अमेरिकेच्या नौदलातील पहिले कृष्णवर्णीय अ‍ॅडमिरल झाले. १९७६ साली पॅसिफिक महासागरातील तिसऱ्या ताफ्याचे ते प्रमुख झाले. सुमारे १०० जहाजे आणि ६०,००० माणसे त्यांच्या हुकमतीत होती. एके काळी क्लबच्या दारात अडवलेला हा माणूस!

पण आमच्या या कुटुंबाच्या पानावर त्यांची आठवण काढायची, ती घरासाठी. अल्माताई आणि ते ५८ वर्षे एकमेकांच्या सोबतीने राहिले. त्यांना तीन मुले. नौदलातल्या माणसाचा संसार सोपा नसतो. महिनोन्‌महिने बाप समुद्रावर, आणि आई एकटी मुलांची शाळा, आजारपण, घरभाडे सांभाळते. बाबासाहेब परदेशी शिकत असताना माता रमाईने कसे दिवस काढले, ते आपल्या प्रत्येक आईला ठाऊक आहे. मोठ्या माणसाच्या मागे असे एक घर असते. नाव मात्र एकाचेच होते.

सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्धांनी पतीची पाच कर्तव्ये सांगितली आहेत. पत्नीचा मान राखावा, तिचा अवमान करू नये, तिच्याशी एकनिष्ठ राहावे, घरातला अधिकार तिच्या हाती द्यावा आणि तिची हौस पुरवावी. बाहेरचा अपमान घरात आणून बायकोवर आणि पोरांवर काढणारे आपल्यात कमी नाहीत. दारूच्या गुत्त्यावर तो बुडवणारेही आहेत. बाहेर मान मिळत नसेल, तर घरात मान देण्याची गरज अधिक असते. एवढे जरी आपण शिकलो, तरी ही कथा सांगितल्याचे सार्थक होईल.

आपल्या यशाचे गमक सांगताना ग्रेव्हली तीन गोष्टी सांगत: शिक्षण, मनातली ओढ आणि चिकाटी. शिक्षणाला त्यांनीही पहिले स्थान दिले. त्यात संघटनेचे बळ मिळवा, म्हणजे बाबासाहेबांचा मंत्र पुरा होतो.

२२ ऑक्टोबर २००४ रोजी त्यांचे निधन झाले. पाच वर्षांनी, २००९ साली, मिसिसिपी राज्यात एका नव्या विनाशिकेचे नामकरण झाले. नाव ठेवले 'ग्रेव्हली', आणि तो मान दिला गेला अल्माताईंना. ज्या मिसिसिपीत काळ्या माणसाला एके काळी गोऱ्याच्या शेजारी बसता येत नव्हते, तिथे एका कृष्णवर्णीय शिक्षिकेच्या हातून तिच्या पतीचे नाव युद्धनौकेला मिळाले.

तेव्हा उद्या तुमचा मुलगा ताटावर गप्प बसला, तर त्याला रागावू नका. त्याच्या बाजूला बसा. अपमान मुकाट गिळू नकोस, युनियनला सांग, तक्रार लिहून दे, पण पुस्तक आणि काम सोडू नकोस, असे त्याला सांगा. आणि हेही सांगा की घराचे दार त्याच्यासाठी सदैव उघडे आहे.

नमो बुद्धाय, जयभीम!